गुरुवारीही दार उघडं ठेवा



आगमनकाळ तोंडावर आला आहे. कॅरोलसाठी कुठल्या दिवशी कुठल्या वस्तीत जायचं याच्या याद्या होत आहेत, तरुण संघाची तालीम सुरू झाली आहे, महिला मंडळ करंज्यांच्या सारणाचा हिशेब मांडून बसलं आहे. या घाईत मी एक मागणं घेऊन तुमच्यापुढे आलो आहे. आपण आठवड्यात उपासनेचा आणखी एक वार धरू या. तो वार गुरुवार असावा.

हे मला सुचलं कसं, ते आधी सांगतो. सांगताना माझी चूकही सांगावी लागेल.

वडीलमंडळींच्या बैठकीत दरवर्षी सभासदांची यादी वाचली जाते. कोण येतं, कोण येत नाही, कोणाची वर्गणी राहिली, असं एकेक नाव पुढे जातं. मोशीत राहणाऱ्या एका कुटुंबाचं नाव आलं. नवरा, बायको, दोन मुलं; जालन्याकडचे. वर्षभरात उपासनेला चार-पाच वेळा आलेले. मी त्यांच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा मारला आणि पुढच्या नावाकडे वळलो. घरी जाऊन विचारावं असं तेव्हा मनातही आलं नाही.

पुढे लेंटमध्ये एका सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या खोलीवर गेलो. बाईंनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. आत नवरा झोपला होता, रात्रपाळी करून आलेला. आम्ही पायरीवर बसून बोललो. त्या म्हणाल्या, “काका, ह्यांची कंपनी भोसरीत. रविवारी काम असतं, सुट्टी गुरुवारी. मग गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं घरातच गाणी म्हणतो, शास्त्र वाचतो.” थोडं थांबून पुढे म्हणाल्या, “दोनदा गुरुवारी देवळापर्यंत आलो होतो. मुलांना आत जायचं होतं. गेटला कुलूप होतं.”

मी एकतीस वर्षं भोसरीतच एका वर्कशॉपमध्ये लेथवर काढली आहेत. गुरुवार हा आमचा सुट्टीचा वार असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी स्वतःची कितीतरी वर्षं रविवारच्या उपासनेविना गेली. निवृत्त झालो, रविवार मोकळा झाला, आणि मी ते विसरलो.

आपल्या पट्ट्याबाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. विजेचा भार एकाच दिवशी एकदम वर-खाली होऊ नये म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार सुट्टीसाठी वाटून दिले गेले. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी गल्ल्यांमधली यंत्रं बंद असतात, चहाच्या टपऱ्या ओस असतात, आणि रविवारी मात्र सगळं गजबजलेलं असतं. चाकणला तर कंपनीगणिक तऱ्हा वेगळी. कुठे रविवार, कुठे पाळीनुसार बदलता वार. त्यात कंत्राटी कामगाराचा वार ठेकेदाराच्या फोनवर ठरतो.

रविवारची सुट्टी आपल्याला आभाळातून पडलेली नाही, हेही लक्षात ठेवा. मुंबईच्या गिरण्यांमधले कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, आणि 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी. रविवार मागताना कामगारांचं एक म्हणणं असं होतं की तो खंडोबाचा वार आहे. म्हणजे आपल्या मुलखात कामगाराला रविवारी देवाच्या पायाशी बसता आलं ते जेजुरीच्या देवाचं नाव घेऊन झालेल्या लढ्यामुळे. त्या लढ्याचं फळ आपण ख्रिस्ती लोकांनीही चाखलं. आज ज्याला ते मिळत नाही, त्याच्याकडे आपण पाठ फिरवायची का?

मंडळीतली काही थोर माणसं म्हणतील, रविवार हा प्रभूचा दिवस आहे, पुनरुत्थानाचा दिवस आहे, तो आपण हलवू शकत नाही. मलाही तो हलवायचा नाही. ज्याला रविवारी सुट्टी आहे त्याने रविवारीच यावं. सोयीचा वार निवडण्याची ही मुभा नव्हे. पण पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक आठवा. त्यांना रविवारी सुट्टी नव्हती. त्यांच्यात किती तरी दास होते, मजूर होते. सुमारे इ.स. 112 मध्ये प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राटाला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात तो सांगतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत एकत्र जमतात. उजाडायच्या आत का, तर बहुधा उजाडल्यावर कामाला जायचं असे म्हणून. रविवारी काम बंद ठेवण्याचा हुकूम कॉन्स्टंटाइनने काढला तो इ.स. 321 मध्ये. तोवर जवळजवळ तीनशे वर्षं मंडळीने आपली वेळ मजुरांच्या वेळेशी जुळवून घेतली होती. आणि शब्बाथाविषयी येशूने परूश्यांना काय उत्तर दिलं, ते मार्काच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे. आज रात्री घरच्यांना जमवून तेवढा भाग मोठ्याने वाचा.

आता आपल्या घराण्याबद्दल बोलतो. आपल्यातल्या बऱ्याच तरुणांना हे कोणी सांगितलेलंच नाही.

आपल्या देवळाच्या पाटीवर आज प्रेस्बिटेरियन हा शब्द नाही. पण मंडळीचा कारभार पाळकसाहेबांनी एकट्याने न पाहता मंडळीनेच निवडलेल्या वडिलांसोबत पाहायचा, ही आपली रीत तिथूनच आली. स्कॉटिश मिशनरी 1823 साली कोकणात बाणकोटला उतरले, पुढे मुंबईत आणि पुण्यात आले. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी पुण्यात याच स्कॉटिश परंपरेच्या मंडळीचे पाळक होते. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. कोल्हापूरकडे 1852 मध्ये रॉयल वाइल्डर आले. त्यांचं मिशन पुढे अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांकडे गेलं. नगरचं अमेरिकन मराठी मिशन हे चुलत घर, काँग्रिगेशनल मताचं. ही दोन्ही घरं 1924 मध्ये एका छपराखाली आली, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट वगैरे मंडळीही त्यात आल्या.

इकडे 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, पुढच्या दशकात एमआयडीसी आली, आणि नगर, जालना, कोल्हापूर, मिरज इथली आपली माणसं कामाच्या शोधात इथे आली. येताना ट्रंकेत ‘उपासना संगीत’ आणि पवित्र शास्त्र घेऊन आली. देवळं नंतर बांधली गेली. आधी कामगारांच्या चाळीतल्या एका खोलीत चटई अंथरून उपासना व्हायची, आणि तिची वेळ खोलीवाल्याची पाळी बघून ठरायची. आपण सुरुवातच अशी केलेली आहे.

आणखी एक गोष्ट. आज आपण नाताळशिवाय मंडळीची कल्पनाही करू शकत नाही. पण स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन लोक शेकडो वर्षं नाताळ पाळत नव्हते. तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी झाली ती 1958 मध्ये. शास्त्रात आज्ञा नाही, मग सण कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मोठा मोसम प्रभुभोजनाचा. वर्षातून एकदा-दोनदा तो यायचा आणि सुरू व्हायचा गुरुवारी! गुरुवारी उपास आणि पापांगीकार, शनिवारी तयारीची उपासना, रविवारी प्रभुभोजन, सोमवारी उपकारस्तुती. शेतकरी, कोळी, विणकर मैलोन्‌मैल चालत यायचे आणि गावकऱ्यांच्या घरी, गोठ्यात मुक्काम करायचे. त्याआधी वडील मंडळी घराघरांत जाऊन विचारपूस करत आणि प्रत्येकाला शिशाचा एक छोटा बिल्ला देत. तो बिल्ला हातात देऊन माणूस प्रभूच्या मेजाशी बसायचा. ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वर्कशॉपच्या गेटवर टांगलेला माझा पितळी बिल्ला आठवला. मनात आलं, वडील म्हणून माझं काम हेच होतं. मोशीच्या त्या खोलीवर आधी जायचं, आणि मग यादी उघडायची.

बैठकीत या मागणीवर दोन आक्षेप आले. एक म्हणजे, याने एका मंडळीच्या दोन मंडळ्या होतील. ही भीती खरी आहे. त्यावर माझं म्हणणं असं की गुरुवारची उपासना दुय्यम ठेवायची नाही. पाळकसाहेबांनी स्वतः यावं, शिकाऊ भावाला पाठवून मोकळं होऊ नये. प्रभुभोजन गुरुवारीही व्हावं. शब्बाथशाळेच्या शिक्षिकांपैकी एकीने गुरुवारी मुलांना घ्यावं, कारण मोशीच्या त्या दोन मुलांना शब्बाथशाळा म्हणजे काय हे ठाऊक नाही. आणि पाळकसाहेबांना त्याबदल्यात आठवड्यातला दुसरा एक दिवस पूर्ण मोकळा द्यावा. त्या दिवशी त्यांना फोन करू नये.

दुसरा आक्षेप, गुरुवारी किती लोक येतील? पहिल्या गुरुवारी कदाचित अकरा येतील. अकरांसाठी दिवे लावायला विजेचं बिल किती येतं ते मी काढलं आहे. ते मी भरतो.

उपासनावर्षातच दोन गुरुवार आयते आपल्यासाठी आहेत. पवित्र सप्ताहातला गुरुवार, ज्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि भाकर मोडली, तो एक. आणि पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशी येणारा स्वर्गारोहणाचा दिवस, जो दरवर्षी गुरुवारीच पडतो, तो दुसरा. स्वर्गारोहणाची उपासना आपल्याकडे जवळजवळ बंदच पडली आहे. फार तर पुढच्या रविवारी उपदेशात दोन वाक्यं येतात. ती पुन्हा सुरू करू या. या दोन गुरुवारी सगळ्या मंडळीने संध्याकाळी यावं, रविवारवाल्यांनी गुरुवारवाल्यांचे पाहुणे व्हावं. आक्षेप घेणाऱ्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहावं की मंडळी एक आहे की दोन.

बाकीच्या वर्षाविषयी, हाती येईल तसं सांगतो.

कॅरोल. आपल्या फेऱ्या निगडी, चिंचवड, पिंपरीतच संपतात, कारण तिथे मोठी घरं आहेत, बसायला जागा आहे, फराळ आहे. या वर्षी दोन रात्री चाकणसाठी ठेवा. मेदनकरवाडी, खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे इथे एकेका खोलीत तिघं-चौघं मुलं राहतात. त्यातली काही आपली आहेत. तळेगाव चौकातल्या गर्दीत तासभर जाईल, तो धरूनच निघा. पोहोचल्यावर ढोलकीवर थाप मारण्याआधी शेजारी कोणी पाळी करून झोपलं आहे का विचारा. झोपलं असेल तर टाळ्याही न वाजवता एकच गीत हळू म्हणा. लूककृत शुभवर्तमानात ती बातमी पहिल्यांदा ऐकली ती रात्री कळप राखत जागणाऱ्यांनी. आणि त्या घरांतून देणगीचं पाकीट मागू नका. उलट फराळाचा डबा ठेवून या.

एकतीस डिसेंबरची वॉचनाईट आपण रात्री दहाला सुरू करून बारा वाजता नवीन वर्षाच्या प्रार्थनेवर संपवतो. तिसऱ्या पाळीवाले तेव्हा मशीनवर असतात. एक जानेवारीला सकाळी सातला अर्ध्या तासाची उपासना ठेवा, ते गणवेशातच परस्पर येतील. नंतर गरम चहा आणि पाव. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला प्रार्थना सप्ताह आपण पाळतो तो कुठून आला माहीत आहे? 1858 साली लुधियानातल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना हाक दिली आणि जानेवारी 1860 मध्ये पहिला सप्ताह झाला. हिंदुस्थानातून गेलेली हाक इंग्लंड-अमेरिकेने ऐकली. मग आपण या सप्ताहातल्या सातही प्रार्थनासभा देवळातच का भरवतो? चार तरी घरांत घ्या, आणि ज्या घरी कधी कोणी गेलं नाही तिथून सुरुवात करा.

ईस्टरची पहाटेची उपासना पाचऐवजी पावणेसातला घेतली तर कंपनीच्या बस आलेल्या असतील. मला ही उपासना वर्षातली सगळ्यात मोठी वाटते. रात्रभर जागलेली, डोळे लाल झालेली माणसं त्या गर्दीत असायलाच हवीत.

मग पावसाळा. पेंटेकॉस्टनंतर आगमनकाळापर्यंत उपासनावर्षात मोठा सण नाही, आणि याच महिन्यांत आपली मंडळी विखुरते. रस्ते तुंबतात, शाळेच्या फिया येतात, ऑर्डर कमी झाली की कंत्राटी माणसाला ‘उद्यापासून येऊ नको’ सांगितलं जातं. या काळात देवळात काही होत नाही म्हणून वडिलांनी घरी बसायचं नाही. हाच घरोघर जाण्याचा मोसम. याच सुमारास तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते. तुकारामांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं, असं नारायण वामन टिळक मोकळेपणाने सांगत, आणि त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो. आपल्या दारावरून वारकरी जात असताना पाण्याचे पिंप आणि पायाला लावायचं मलम घेऊन रस्त्यावर उभं राहायला आपल्याला कोणाच्या परवानगीची वाट बघायला नको.

कापणीच्या सणाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तो सण इथे येऊन बिघडला आहे. गावी माणसं बाजरीची कणसं, भोपळे, कोंबडी, अंडी घेऊन यायची आणि त्यांचा लिलाव व्हायचा. इथे आपण मंडईतून भोपळा विकत आणतो आणि तो काही हजारांना घेणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतो. ज्याच्या खिशात दोनशे रुपये आहेत तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. मी त्याला तसं बसलेलं पाहिलं आहे. आपलं पीक कोणतं? जो टर्निंग करतो त्याने घासूनपुसून चकचकीत केलेला एक जॉब आणावा, अर्थात कंपनीला विचारून, भंगारातला. शिवणकाम करणाऱ्या बहिणीने पिशवी आणावी, रिक्षावाल्याने एका दिवसाची फेरी लिहून द्यावी, नर्सबाईंनी चार घरी रक्तदाब तपासून देण्याची चिठ्ठी ठेवावी. हे सगळं वेदीपुढे मांडू या. लिलाव करायचाच असेल तर चिठ्ठ्या टाकून करा, आकडे पुकारू नका. जमलेल्या पैशातला निम्मा भाग नव्याने आलेल्या कुटुंबाच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी राखून ठेवा. गावाहून आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त घोर त्याचाच असतो.

मिझोराममधली आपली प्रेस्बिटेरियन भावंडं एक साधी गोष्ट करतात. घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ बाजूला काढते, आणि तो साठा मंडळीकडे जातो. त्याला ते बुहफाई थाम म्हणतात. शंभर वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे, आणि त्यातून मिशनची मोठी कामं उभी राहिली. आपल्या आज्या मूठभर धान्य काढून ठेवायच्याच की! ईशान्येकडची मुलं-मुली आज आपल्याच शहरात हॉटेलांत, दुकानांत, दवाखान्यांत कामाला आहेत. त्यांना चेहऱ्यावरून परदेशी ठरवू नका. त्यांना आगमनकाळातल्या एका गुरुवारी बोलवा, त्यांच्या भाषेत एक गीत म्हणायला सांगा, आणि नंतर जेवायला घरी न्या.

आता नव्याने आलेल्यांना चार शब्द. गावच्या पाळकांकडून मंडळीचा दाखला आणला असेल तर तो पेटीत ठेवू नका, आणून द्या. आणला नसेल तरी या. तुमची पाळी आणि सुट्टीचा वार आम्हाला सांगा. सांगायला लाजू नका, आणि आपण रविवारी येत नाही म्हणजे आपण कमी प्रतीचे ख्रिस्ती, असं मनात धरू नका. तसं तुम्हाला वाटलं असेल तर त्यात माझ्यासारख्यांच्या शेऱ्यांचा हात आहे, आणि त्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो.

वडीलबंधूंनो, सभासदांच्या वहीत नावापुढे दोन रकाने वाढवा: पाळी कोणती, सुट्टी कधी. ‘अनियमित’ हा शेरा खोडून टाका. मी माझ्या वाट्याच्या बावीस घरांची माहिती भरून आणली आहे. त्यातल्या नऊ घरांची सुट्टी गुरुवारी असते.

आगमनकाळातल्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता पहिली उपासना ठेवावी, असं मी पाळकसाहेबांना लिहून दिलं आहे. गेटची एक किल्ली माझ्याकडे असते. त्या दिवशी साडेसहाला मी कुलूप काढीन. मोशीच्या बाईंना फोन केला आहे. त्या म्हणाल्या, ह्यांची त्या आठवड्यात पहिली पाळी आहे, गुरुवारी सुट्टी आहेच, आम्ही चौघंही येऊ, मुलांना गाणं पाठ आहे.